वी यू वर दमदार गेम होते, मग तो आपटला का?

पिक्सेलपंत
निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर (टीव्हीला जोडायचं गेमिंग मशीन) स्प्लॅटून, स्मॅश ब्रदर्स, मारिओ कार्ट ८ असे एकापेक्षा एक गेम होते. तरी कन्सोल जेमतेम १ कोटी ३५ लाख खपला. आधीचा वी १० कोटींच्या पुढे गेला होता. एक्सक्लुझिव्हमुळे (एकाच कन्सोलवर मिळणारा गेम) कन्सोल खपतो म्हणतात, ते कितपत खरं? की सगळा खेळ मार्केटिंगचा?

जुनं_कार्ट्रिज
वी यू चं गणित सुरुवातीलाच फसलं. २०११ च्या ई३ या गेम-प्रदर्शनात निन्टेन्डोचा सगळा भर गेमपॅडवर (स्क्रीन असलेला कंट्रोलर) होता, मुख्य मशीन नजरेत भरलंच नाही. त्यात नाव असं, की घरात वी असलेल्याला वाटावं हा त्याचाच नवा कंट्रोलर. मारिओ कार्ट ८ यायला मे २०१४ उजाडला, तोवर कन्सोल बाजारात येऊन दीड वर्ष झालं होतं. खप मंद म्हणून बाहेरच्या प्रकाशकांनी हात आखडता घेतला आणि गेम नाहीत म्हणून खप आणखी मंदावला. हाच गेम थोडी भर घालून एप्रिल २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलवर, स्विचवर आला. वी यू वर सुमारे ८५ लाख प्रती, स्विचवर ६ कोटींच्या वर.

ड्रॉपफ्रेम
आकडे बरोबर, पण तुलना इतकी सरळ नाही. स्विच हातात धरूनही खेळता येतो, त्यामुळे निन्टेन्डोच्या हातात धरायच्या ३डीएसचं गिऱ्हाईकही तिकडे वळलं. आणि गंमत बघा, ज्या झेल्डाच्या (ब्रेथ ऑफ द वाइल्ड) जोरावर स्विच उचलला गेला, तो ३ मार्च २०१७ ला, त्याच दिवशी, वी यू वरही आला होता. म्हणजे काटेकोरपणे एक्सक्लुझिव्ह नव्हताच! तरी अमेरिकेत पहिल्या महिन्यात ९ लाख ६ हजार स्विच गेले आणि झेल्डाच्या स्विच-प्रती ९ लाख २५ हजार. मशीनपेक्षा गेम जास्त. स्विचच्या ऑक्टोबर २०१६ च्या ट्रेलरमध्ये टीव्हीवर चाललेला झेल्डा डॉकमधून (टीव्हीला जोडणारा स्टँड) उचलून बाहेर नेताना दाखवला होता. बघणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला काही उरलंच नाही.

लोडिंग_९९
उलटं उदाहरण सोनीच्या पीएस४ चं. २०१३ मध्ये त्यावर होते किलझोन शॅडो फॉल आणि नॅक. नॅकसाठी कोण कन्सोल घेणार? ब्लडबोर्न आला २०१५ ला, अनचार्टेड ४ २०१६ ला. पण किंमत ३९९ डॉलर. समोर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन किनेक्टसकट (हालचाल टिपणारा कॅमेरा) ४९९, वर २४ तासांतून एकदा ऑनलाइन तपासणी आणि वापरलेल्या डिस्क विकण्या-देण्यावर बंधनं. सोनीने छोटासा व्हिडिओ काढला: एक जण दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपलं. मायक्रोसॉफ्टने जूनमध्येच नियम मागे घेतले, पण शिक्का बसला तो बसलाच. माझ्या मते पहिल्या वर्षी किंमत आणि जाहिरात, पुढे एक्सक्लुझिव्ह.

शिवाय फक्त जाहिरातीचे करारही असतात. २०१५ पासून कॉल ऑफ ड्यूटी दोन्हीकडे होता, पण करार सोनीशी आणि नवे मॅप (खेळायची मैदानं) पीएस४ वर ३० दिवस आधी. एक्सक्लुझिव्हच्या मानाने स्वस्तातलं काम.

पिक्सेलपंत
मग सोनी आपले गेम पीसीवर का नेते?

जुनं_कार्ट्रिज
खर्च. द लास्ट ऑफ अस पार्ट टू ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, हे २०२३ च्या खटल्यातल्या कागदांतून बाहेर आलं. हा पैसा एकाच कन्सोलवरून वसूल करणं अवघड. म्हणून होरायझन झीरो डॉन साडेतीन वर्षं पीएस४ वर ठेवून ऑगस्ट २०२० मध्ये पीसीवर आणला. हेलडायव्हर्स २ मात्र पहिल्याच दिवशी पीएस५ आणि पीसी दोन्हीकडे, कारण ऑनलाइन गेमला गर्दी लागते.

स्वतः पडताळायचं असेल तर गेम आला त्या आठवड्याचा कन्सोल-खप आधीच्या चार आणि नंतरच्या चार आठवड्यांशी ताडून बघा. त्याच वेळी किंमत उतरली किंवा गेमसकट बंडल आलं असेल तर तो आठवडा सोडून द्या. आणि पीएस५ ची सुरुवातीची दोन वर्षं तर धरूच नका. मालच मिळत नव्हता, येईल तेवढा खपत होता.