होडी समुद्रात असताना घरी कोणतं स्तोत्र वाचावं?

प्रश्न (मालवण): वादळाचा इशारा आला की घरचे घाबरून जागे राहतात. देवाच्या आश्रयाचं स्तोत्र कोणतं नि वाचायचं कसं?

उत्तर: बायबलमधलं स्तोत्र 91. सोळाच वचनं; आलटून पालटून एकेक वाचा, सावकाश. 14व्या वचनापासून देव स्वतः बोलतो, तिथे आधी क्षणभर थांबा. चर्चच्या रविवारच्या रात्रप्रार्थनेतही हेच आहे.

उत्तर: पण कागदावर लिहून होडीला ताईत बांधू नका हो! बायबलमधल्याच मत्तयच्या शुभवर्तमानात (4:6) सैतान याच स्तोत्राच्या आधारे येशूला मंदिरावरून उडी मारायला सांगतो. येशू म्हणतो, देवाची परीक्षा पाहू नये. तेव्हा बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा बावटा लागला की होडी किनाऱ्यालाच.

उत्तर: 46 पण घ्या, सुरुवातीलाच खवळलेला समुद्र आहे. पोरांना 121, आठच वचनं, पाठ होतं.