कॅनडाचे बंदूक कायदे आणि उत्तरेतले इनुइट शिकारी

मेपलचटणी: मी टोरांटोत राहते, गोळीबाराची बातमी आली की वाटतं सगळ्या बंदुका बंद करा. परवा ऑफिसात लष्करी ढंगाच्या बंदुकांवरच्या २०२० च्या बंदीचा विषय निघाला तर एकजण म्हणाला, मग नुनावुतच्या (उत्तरेतला इनुइट आदिवासींचा प्रदेश) लोकांनी खायचं काय? तिकडे शिकार पोटासाठीच करतात ना, मग कायद्याने त्यांचं नेमकं अडतं कुठे?

उत्तरेचा मास्तर: तिकडे शिकवलंय मी, म्हणून सांगतो. २५ गावं, गावागावांना जोडणारा रस्ता नाही, माल विमानाने नाहीतर उन्हाळ्यात जहाजाने येतो, किंमती बघून घाम फुटतो, म्हणून सील आणि कॅरिबू (तिकडचं हरीण) मारून खातात. स्नोमोबाइलवर रायफल बांधलेली असतेच, अस्वल कधी समोर येईल नेम नाही. पोरं बापाबरोबर लहानपणीच बर्फावर जातात. १९९५ च्या बंदूक कायद्यात लायसन्ससाठी कोर्स, परीक्षा आली, आणि लायसन्स नाही तर काडतुसंही नाहीत! आदिवासींसाठी १९९८ ला वेगळे नियम केले, वडीलधाऱ्यांना आणि मुलांना सवलती दिल्या, पण लांबच्या गावात शिकवणारा मुळात पोचला तर पाहिजे.

कायदेवाचक: यात भर घालतो. १९९३ च्या जमीन करारात इनुइटना गरजेपुरती शिकार शिकारीच्या परवान्याशिवाय करायचा हक्क लिहून दिलाय, त्याच जोरावर त्यांची संघटना २००० साली १९९५ च्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली. त्याच कायद्यातली लांब बंदुकांची (रायफल, शॉटगन) नोंदणी पुढे २०१२ ला रद्दच झाली. २०२० च्या बंदीत पोटासाठी शिकार करणाऱ्यांना दुसरी बंदूक मिळेपर्यंत तात्पुरती मुभा होती. खरा भडका उडाला नोव्हेंबर २०२२ ला, सरकारने सी-२१ या बंदूक विधेयकात आयत्या वेळी बंदीची एक लांबलचक यादी घुसवली, त्यात एसकेएस रायफल, जी स्वस्त म्हणून कित्येक आदिवासी शिकारी वापरतात. फर्स्ट नेशन्सच्या (इनुइटांपेक्षा वेगळे आदिवासी समाज) राष्ट्रीय सभेने विरोधाचा ठराव केला आणि फेब्रुवारी २०२३ ला दुरुस्ती मागे घ्यावी लागली. ज्यांच्या ताटाचा प्रश्न त्यांना आधी विचारायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही.

सुमेधा_एडमंटन: विचारायला हवंच, पण लायसन्सची तपासणी काढू नका हो. तिकडे घरातल्या मारहाणीचं प्रमाण फार आहे, बायकांना पळून जायला दुसरं गाव नाही, विमानाचं तिकीट परवडत नाही. चिडलेल्या माणसाच्या हाताशी भरलेली रायफल नको एवढंच म्हणणं आहे.

उत्तरेचा मास्तर: @सुमेधा, मान्य, तिथल्या बायकाही हेच म्हणायच्या. म्हणून तर मी म्हणतो कोर्स गावात न्या, इनुक्टिटूटमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत शिकवा, कुलपं फुकट वाटा. सीलवाल्याची रायफल यादीत टाकून त्या घरातली मारहाण थांबणार नाही.