मुलाखतीआधी कंपनीची माहिती कुठून आणि किती काढावी?

रानवारा
येत्या शुक्रवारी प्रॉडक्शन प्लॅनरच्या जागेसाठी मुलाखत आहे. कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते, शेअर बाजारात नोंदलेली आहे. वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ वाचून झालं. गुणवत्ता, विश्वास, परंपरा यापलीकडे हाती काही लागलं नाही. तीन संध्याकाळी मोकळ्या आहेत. काय वाचू, कुठल्या क्रमाने? आणि घोकून आल्यासारखं न वाटता ते मुलाखतीत कसं काढावं?

चौकस
वेबसाइट राहू द्या, जाहिरातीपासून सुरुवात करा. जेडी (जाहिरातीतलं कामाचं वर्णन) आजच सेव्ह करून ठेवा. मुलाखती सुरू झाल्या की जाहिरात बरेचदा उतरवतात. मग त्याच कंपनीच्या बाकीच्या जागा बघा. प्लॅनिंगसोबत खरेदी आणि गोदामातही भरती चालू असेल, तर एक तर काम वाढतंय किंवा माणसं सोडून चालली आहेत. यातलं कुठलं खरं, ते लिंक्डइनवर बरंचसं कळतं. या पदावर आधी कोण होतं, किती टिकलं, पुढे कुठे गेलं? लागोपाठ दोघं-तिघं वर्षाच्या आत बाहेर पडले असतील तर दोष बहुधा पदात आहे. तिथेच वर चढले असतील तर उत्तम. तुम्ही प्रोफाइल बघितल्याचं समोरच्याला कळू नये असं वाटत असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट मोड लावा.

गूगलवर कंपनीचं नाव अवतरणचिन्हांत टाका आणि सोबत एकेक शब्द जोडा: संप, आग, टाळेबंदी, विस्तार, नवा कारखाना. कंपनीच्याच साइटवरच्या पीडीएफ हव्या असतील तर ‘साइट’ आणि ‘फाइलटाइप’ हे शब्द रोमन लिपीत लिहून पुढे कोलन द्या, आणि त्याला लागून अनुक्रमे साइटचा पत्ता आणि ‘pdf’ लिहा. कोलननंतर जागा सोडायची नाही, सोडली की ते नुसते शब्द म्हणून शोधले जातात.

कर्मचाऱ्यांचे रिव्ह्यू वाचताना सरासरी तारे सोडून द्या. ‘सर्वांत नवे’ लावा, विभाग आणि ठिकाण निवडा. एकाच आठवड्यात आलेले, गुळगुळीत भाषेतले पाच तारे बाजूला ठेवा. रागाने लिहिलेली एकुलती तक्रारही बाजूला ठेवा. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या शब्दांत तीच ठोस गोष्ट येत असेल (‘महिनाअखेरीला रविवारी बोलावतात’), तर ती धरून चाला.

जमाखर्च
कंपनी नोंदलेली आहे म्हणजे वार्षिक अहवाल मिळणारच. शेवटचे दोन उतरवून घ्या. अध्यक्षांचं पत्र शेवटी वाचा, किंवा नाही वाचलं तरी चालेल. पहिल्यांदा लेखापरीक्षकांचा अहवाल: मत सशर्त (काही बाबींवर आक्षेप नोंदवून दिलेलं) आहे का, कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल शंका नोंदवली आहे का. हे दोन्ही नसेल तर पुढे चला.

मग रोख प्रवाह. नफा दिसतोय, पण व्यवसायातून आलेली रोकड सलग दोन-तीन वर्षं उणे आहे, तर पैसे कुठेतरी अडकतायत. बहुतेक वेळा येण्यांमध्ये (ग्राहकांकडून अजून यायचे पैसे) किंवा साठ्यामध्ये. वसुलीला किती दिवस लागतात ते असं काढा: येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. समजा विक्री १९० कोटी आणि येणी ६० कोटी, म्हणजे सुमारे ११५ दिवस. पुढच्या वर्षी २०० कोटी आणि ८० कोटी, म्हणजे १४६. विक्री जेमतेम वाढली आणि वसुली महिनाभर लांबली.

तुमच्या पदासाठी अहवालातल्या हिशेबांसोबतची साठ्याची टीप सर्वांत महत्त्वाची. तिथे कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल हे आकडे वेगळे दिलेले असतात. साठ्याचे दिवस (माल सरासरी किती दिवस पडून राहतो) काढताना भागाकार विक्रीने करू नका, विकलेल्या मालाच्या खर्चाने करा. विक्रीत नफा मिसळलेला असतो, त्यामुळे दिवस कमी दिसतात. कच्चा माल फुगला असेल तर खरेदी जास्त झाली किंवा पुरवठ्याच्या धास्तीने भरून ठेवला. अर्धवट माल फुगला तर कारखान्यात कुठेतरी काम तुंबतंय. तयार माल फुगला तर मागणीचा अंदाज चुकला असेल. फक्त एवढं लक्षात ठेवा, हा आकडा वर्षअखेरच्या एका दिवसाचा आहे. हंगामी धंद्यात तो फसवतो.

पहिलीपाळी
वरचं सगळं वाचून मुलाखतीत आकडे ओतू नका. सापडलेल्या गोष्टीचा कामाबद्दलचा प्रश्न करा. ‘तुमचा साठा खूप वाढलाय’ हे ऐकून समोरचा बचावाला उभा राहतो. त्याऐवजी: ‘मागच्या दोन अहवालांत तयार माल वाढलेला दिसला. हा ठरवून ठेवलेला साठा आहे का, आणि या पदाकडून त्यात पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षा आहे?’ असे तीन प्रश्न कागदावर नेलेत तरी पुष्कळ. दोन प्लॅनिंगचे, एक टीमबद्दल. मुलाखत घेणाऱ्यांचं काम आणि हुद्दा माहीत असावा. त्यांच्या घरगुती पोस्ट बघितल्याचं चुकूनही बोलू नका, समोरचा अवघडतो.

रानवारा
खूप आभार. एक शंका: मुलाखतीच्या पत्रावरचं कंपनीचं नाव थोडं वेगळं आहे आणि ईमेलचा पत्ताही वेबसाइटशी जुळत नाही.

चौकस
मग हे आधी निस्तरा. नाव वार्षिक अहवालातल्या उपकंपन्यांच्या यादीत शोधा. तसंच वेबसाइटच्या तळाशी ‘प्रायव्हसी पॉलिसी’ उघडा, तिथे नोंदणीकृत पूर्ण नाव बहुधा असतं. ईमेलचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा: रोमन ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’सारखे दिसतात. ‘हूइज’ या डोमेन-नोंदी शोधायच्या सेवेवर त्या डोमेनची (ईमेलमधल्या @ नंतरच्या नावाची) नोंदणी कधी झाली ते दिसतं, जुन्या कंपनीच्या नावाचं डोमेन गेल्या महिन्यातलं असेल तर थांबा. शेवटी फोन करून खात्री करा, पण पत्रातल्या नंबरावर नको, वेबसाइटवरच्या. भरती एजन्सी असेल तर कंपनी तसं सांगेल. प्रशिक्षण, लॅपटॉप, पडताळणी, कुठल्याही नावाने पैसे मागितले तर तिथेच सोडा.

जमाखर्च
उपकंपनीच निघाली तर एकत्रित ताळेबंदावर विसंबू नका, त्यात सगळ्या समूहाचे आकडे असतात. उपकंपनीचे स्वतंत्र हिशेब बऱ्याच देशांत कंपनी नोंदणी कार्यालयात मिळतात, काही ठिकाणी थोडी फी भरून. आर्थिक वर्ष कधी संपलं ते मात्र बघून घ्या. असे हिशेब वर्ष-दीड वर्ष जुने असू शकतात.