'फरक' म्हणायचं की 'वजा'? पायथनमधले संच

भाचीला पायथन ही संगणकाची भाषा शिकवतोय, सध्या सेट म्हणजे संच चाललेत. ती मराठी माध्यमात नववीला आहे त्यामुळे संच, उपसंच, संयोग, छेद हे शब्द तिला तोंडपाठ. अडलं ते डिफरन्सवर. मी सवयीने 'फरक' म्हणालो आणि तिचं उत्तर चुकलं, पण चूक त्या शब्दाचीच आहे असं मला मनापासून वाटतं.

सोमवारची भाजी: मेथी, पालक, भेंडी. गुरुवारची: भेंडी, गवार, मेथी. 'दोन्हींतला फरक काढ' म्हटल्यावर तिने लिहिलं पालक आणि गवार. बरोबरच आहे की! आपण 'दोघांच्या वयात ५ वर्षांचा फरक' म्हणतो तेव्हा कुणाकडून मोजलं याला काही अर्थ नसतो. पण पायथनमध्ये सोमवार उणे गुरुवार केलं तर फक्त पालक उरतो आणि उलट केलं तर फक्त गवार. म्हणून इथे 'सोमवारमधून गुरुवार वजा' असंच म्हणावं, 'मधून' आलं की दिशा आपोआप येते. आणि 'फरक' हा शब्द टोपीच्या चिन्हासाठी (^) ठेवावा, कारण ते नेमकं पालक आणि गवार दोन्ही देतं. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद:
वजा पटलं. पण माझा आक्षेप 'छेद'ला आहे, छेद म्हटलं की अपूर्णांकातला खालचा आकडाच डोळ्यापुढे येतो. मी मुलांना 'सामाईक' सांगते. सामाईक भिंत, सामाईक विहीर सगळ्यांना माहीत असते आणि मसावितला 'सा' पण तोच.

धागाकर्ता:
सामाईक झकास आहे, उद्यापासून तोच वापरतो. तरी छेद टाकून देऊ नका, दोन रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू दोन्हींवर असतो ना, तिथून बघितलं की शब्द चपखल बसतो. मला उलट 'संच'च जपून वापरावासा वाटतो, कारण कपबशांच्या संचात सहा कप सारखेच असतात आणि पायथनच्या सेटमध्ये सारखं काही दोनदा राहतच नाही, आणि क्रमही धरून ठेवत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

काल भाचीने 'काका' आणि 'मामा' या दोन शब्दांचे सेट केले. काकाचे दोनच घटक आले, क आणि काना, कारण संगणक काना वेगळा मोजतो. मग दोन्हींतलं सामाईक काढलं तर उत्तरात नुसता काना! तो एकटा काना स्क्रीनवर बघून ती इतकी खूश झाली की लगेच 'आजी' आणि 'आजोबा' करून बघितलं. तिथे आ आणि ज सामाईक निघाले.