बंदूक दुरुस्तीचे प्रत्यक्ष शिक्षण कोठे घ्यावे?

प्रश्न (राजापूर)
आमच्याकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. काजूच्या बागेतून वानरे आणि रानडुकरे पिटाळण्यासाठी ती आजोबांच्या काळापासून वापरात असून खाऱ्या हवेमुळे तिला सतत गंज धरतो. पंचक्रोशीत अशा बंदुका बऱ्याच आहेत. जाणते कारागीर मात्र विरळ होत चालले आहेत. माझ्या धाकट्या भावाने आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण पूर्ण केले आहे आणि त्याला या कामाची मनापासून ओढ आहे. त्याने परदेशातील शाळेत जावे का, आणि परतल्यावर त्याला येथे काम करता येईल का?

उत्तर (सावंतवाडी)
मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर होतो. आपला भाऊ फिटर आहे, ही मोठीच जमेची बाजू आहे, कारण या विद्येचा पाया कानस हाच आहे. नळी जेथे मागच्या पोलादावर टेकते तेथे काजळीचा पातळ हात देऊन बंदूक मिटायची, पुन्हा उघडायची आणि काळा ठसा जेथे उमटला असेल तेवढाच भाग अगदी हलक्या हाताने घासायचा, असे ठसा सर्वत्र सारखा उमटेपर्यंत करत राहावे लागते. घाईने एकदा जास्त घासले गेले की ती धातू परत भरून येत नाही. लाकडाचेही तसेच आहे. दस्त्याच्या निमुळत्या मानेत लाकडाच्या रेषा आडव्या गेल्या, तर बारा बोअरच्या धक्क्याने नेमकी तेथेच चीर जाते. आमच्या गावी लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताखाली काही महिने काढले तरी लाकूड ओळखण्याची नजर तयार होईल.

उत्तर (रत्नागिरी)
ऑस्ट्रियातील फेर्लाख येथे 1878 पासून अशी शाळा आहे; तेथे जर्मन भाषा अनिवार्यच समजावी. अमेरिकेत कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथे 1947 पासून हा अभ्यासक्रम चालतो. परंतु विद्यार्थी व्हिसावरील परकीयांना तेथील संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई असून शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत, म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडून याविषयी लेखी खुलासा घ्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्याकडच्या कायद्याची आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीच्या दुरुस्तीचा व्यवसाय करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. घरच्या बंदुकीचा शेतीसंरक्षण परवाना त्यासाठी चालत नाही आणि परदेशातील प्रमाणपत्रामुळे ही अट शिथिल होत नाही. शेजाऱ्याची बंदूक केवळ ओळखीखातर दुरुस्त करून देणेही टाळावे, कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगासाठी किमान 7 वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत चौकशी करावी आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या एखाद्या दुकानात रीतसर उमेदवारी मिळते का ते पाहावे. परदेशाचा खर्च त्यानंतरच करण्यात अर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. भाऊ सोमवारी परवाना शाखेत जाणार आहे. सावंतवाडीच्या काकांना एकच विचारतो: काजळीच्या जुळणीचा सराव बंदुकीऐवजी साध्या पोलादी ठोकळ्यांवर केला तर चालेल का?

उत्तर (सावंतवाडी)
अवश्य चालेल, आम्हालाही आधी ठोकळेच दिले होते. जोडलेले दोन ठोकळे उजेडासमोर धरावेत आणि मधून प्रकाशाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत काम सोडू नये.