नागपूरच्या महाल भागातला वाडा: बिल्डरला द्यावा की अभ्यासिका काढावी?

महालकर
आमच्या वाड्यावर पाच भावंडांची नावं आहेत. दोघं म्हणतात बिल्डरला देऊन मोकळं व्हा. मला चौकाभोवतालचा भाग अभ्यासिकेला भाड्याने द्यायचा आहे. भिंती दीड हात जाड. मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नाही, तेव्हाही खालच्या ओसरीत गारवा असतो. जुनी इमारत वापरात ठेवता येते: सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत पुरातत्त्व खात्याचं कार्यालय चालतं. उलट एम्प्रेस मिल बघा. १८७७ साली सुरू झालेली टाटांची गिरणी २००२ मध्ये बंद पडली, तिच्या जागेवर मॉल आला. नाव तेवढं उरलं. मला आमच्या चौकाचं तसं होऊ द्यायचं नाही.

वर्धारोड
भाऊ, राग मानू नका. माझ्या मामाच्या वाड्यात पावसाळ्यात माडीची भिंत बसली. मामी दोन मिनिटांपूर्वीच त्या खोलीतून उठून गेली होती. वाडा जपा म्हणणारे खूप भेटले, कौलं फेरायला कोणी पैसे दिले नाहीत. आणि तुम्ही तिथं परक्यांची लेकरं बसवणार. रात्री अकराला वायरिंगने पेट घेतला, तर एका लाकडी जिन्यावरून पन्नास मुलं कशी उतरतील?

चुनाविटा
जिन्याचा मुद्दा सोळा आणे खरा. म्हणून मुलं फक्त तळमजल्यावर बसवा, माडी रिकामी ठेवा. मी साइटवर काम करतो. वाडे पावसाने पडतात त्याहून जास्त चुकीच्या दुरुस्तीने पडतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडत नाही. एक-दोन पावसाळ्यांत जोत्याजवळ पोपडे सुटतात, मिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागते, मग तीच ओल छत पेलणाऱ्या लाकडी तुळईच्या टोकाला पोचते. सागवानी खांबांवर ऑइल पेंट तर नकोच नको. आणि एसीसाठी चौकावर पत्रा टाकलात तर वाड्याचं नाकच बंद केलंत. गरम हवा तिथूनच वर जाते.

वर्धारोड
पटलं. पण चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री महाग, आणि भाडं येणार अभ्यासिकेचं! हेरिटेज यादीत नाव असेल तर टीडीआर, म्हणजे इथं न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची मुभा, तरी मागता येतो. यादीबाहेरच्या वाड्यांनी काय करायचं? पाच वाटे पडल्यावर मालकाच्या हातात राहतं काय? तुमचे दोघं भाऊ चूक आहेत असं मी म्हणणार नाही.

महालकर
यादीत नाव नाही आमचं. तरी पहिली तीन वर्षं भाडं वाटून न घेता दुरुस्तीतच घालायचं, असं भावांपुढे मांडणार आहे. ते नाही म्हणाले तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही, हे मान्य. चुनाविटा, तुळया शाबूत आहेत की नाही हे घरच्या घरी कळतं का?

चुनाविटा
मधे ठोकून काही कळणार नाही. तुळई भिंतीत शिरते तिथं पेचकस खुपसून बघा. लाकूड आधी तिथंच कुजतं. पेचकस बोटभर आत गेला, तर त्या खणाखाली आजच टेकू द्या. बाकी बोलणी नंतर.