येशू तिशीपर्यंत नक्की काय बनवत होता?

रंधा
नमस्कार मंडळी. मी ख्रिस्ती नाही आणि अभ्यासक तर अजिबातच नाही. सुतार आहे, बापाच्या हाताखाली शिकलेला. परवा जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराचं सतराव्या शतकातलं एक चित्र पाहण्यात आलं. येशूचा बाप योसेफ ओणवा होऊन गिरमिटाने लाकडाला भोक पाडतोय आणि समोर लहानगा येशू मेणबत्ती धरून बसलाय. त्या पोराच्या जागी मी कैक संध्याकाळी बसलोय. माझ्या हातात बॅटरी असायची आणि ती हलली की शिव्या पडायच्या.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. गव्हाणीतलं बाळ सगळ्यांना माहीत, दाढीवाला गुरूही माहीत. मधली वर्षं कुठे गेली? तो खरंच सुतारकाम करायचा का? करत असेल तर बनवायचा काय? जाणकारांनी सांगावं. प्रवचन नको, माहिती हवी.

संडेस्कूल_मावशी
रंधाभाऊ, प्रवचन देत नाही, पण वीस वर्षं मुलांना हेच शिकवतेय, त्यामुळे थोडं लांबेल.

येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलात आहेत: मत्तय, मार्क, लूक, योहान. त्यांपैकी मार्क आणि योहान यांत जन्माची गोष्टच नाही. मत्तयात तारा, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), हेरोद राजाची भीती आणि मिसरात (इजिप्तला) पळून जाणं आहे. (मागी तीन होते असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसंही तीन धरली गेली. नाटकात तीन मुकुट करून ठेवलेत, आता कोण ऐकतंय!) लूककडे शिरगणती, गव्हाणी आणि मेंढपाळ आहेत, मिसरचा उल्लेखही नाही. नाताळात आपण दोन्ही गोष्टी एकत्र शिवून टाकतो.

लूकमधला एक तपशील मला फार आवडतो. बाळाला मंदिरात नेतात तेव्हाच्या अर्पणात होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिलं यांचा उल्लेख आहे. यहुद्यांच्या, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात बाळंतिणीने कोकरू आणायचं असतं, ऐपत नसेल तर पक्षी. म्हणजे घरची परिस्थिती काय होती ते न सांगता कळलं.

मग एकदम बारावं वर्ष. वल्हांडण या यहुदी सणासाठी सगळे यरुशलेमला गेलेले. परतताना दिवसभर चालून झाल्यावर लक्षात येतं की पोरगा सोबत्यांमध्ये नाहीच. परत जाऊन शोधतात आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना सापडतो. मरिया रागावतेच, आई ती. त्यानंतर लूक थेट "सुमारे तीस वर्षांचा" यावर येतो. मधल्या अठरा वर्षांबद्दल इतकंच, की तो नासरेथला आईबापांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला.

जुनी_नाणी
मावशींनी ग्रंथाचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो.

आधी सालाचा घोळ. हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये मेला. येशू त्याच्या हयातीत जन्मला असेल तर जन्म त्याआधीचा. म्हणजे ख्रिस्त ख्रिस्तपूर्व काळात जन्मला! सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या मठवासीयाने कालगणना मांडताना काही वर्षांची चूक केली, ती आपण अजून वापरतोय. उलट लूकमधली सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या वेळची शिरगणती योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या हिशेबाने इ.स. ६ ची. दोन्ही जुळवायला लोकांनी फार कसरती केल्यात, मला एकही पटलेली नाही.

आता सुताराबद्दल. मार्कच्या सहाव्या अध्यायात गावकरी विचारतात, हा तो सुतार, मरियेचा मुलगा, तोच ना? मत्तयात तेच वाक्य "सुताराचा मुलगा" असं होतं. मूळ ग्रीक शब्द आहे 'तेक्तोन'. त्यात लाकूडकाम येतंच, पण बांधकाम करणारा कारागीरही येऊ शकतो. गालीलात, म्हणजे नासरेथच्या प्रांतात, घरं दगडाची, छप्पर लाकडी तुळयांवर फांद्या आणि माती टाकून केलेलं. तेव्हा भिंत, तुळई, दार, औत असं सगळंच एका माणसाच्या हातून होत असावं.

नासरेथ म्हणजे जेमतेम काहीशे वस्तीचं गाव. जुन्या करारात नाव नाही, योसेफसकडेही नाही. २००९ मध्ये तिथे त्या काळातल्या एका घराचे अवशेष मिळाले. साध्या दगडी भिंती, पाऊसपाणी साठवायला खडकात खोदलेलं टाकं. एवढ्या गावात सुताराला बारमाही काम कुठून मिळणार? पण साधारण सहा किलोमीटरवर सेफोरिस हे शहर होतं. हेरोदाच्या मृत्यूनंतरच्या बंडात रोमन सैन्याने ते जाळलं, पुढे त्याचा मुलगा हेरोद अंतिपा याने नव्याने बांधलं. नेमकी येशूच्या वाढत्या वयाची वर्षं. बापलेक तिथे कामाला जात असतील असा अनेकांचा अंदाज आहे. अंदाजच म्हणायचा, कारण शुभवर्तमानांत सेफोरिसचं नाव एकदाही येत नाही.

हिमप्रवासी
तो त्या काळात लडाखला होता हो. हेमिस मठात पोथी आहे, वाचा जरा.

संडेस्कूल_मावशी
हिमप्रवासी, ती गोष्ट नोतोविच नावाच्या रशियन माणसाने १८९४ मध्ये छापली. पुढच्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक हेमिसला जाऊन मठप्रमुखांना भेटले, तर ते म्हणाले असली पोथी आमच्याकडे नाही. आणि मला तर वरच्या मार्कमधल्या वाक्यातच उत्तर दिसतं. गावकरी त्याला धंद्यावरून ओळखतात, आईचं नाव घेतात, याकोब, योसे, यहूदा, शिमोन ही भावांची नावं घेतात, बहिणी इथेच राहतात म्हणतात. "इतकी वर्षं कुठे होतास रे?" असं एकानेही विचारलेलं नाही.

(ते सख्खे भाऊ, सावत्र की चुलत-मावस, यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांचं एकमत नाही. तो वाद कृपया इथे नको.)

रंधा
मावशी, नाणीभाऊ, आभार. औत कुठून आलं पण? कुठे लिहिलंय की स्वतःचंच?

जुनी_नाणी
लिहिलंय. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर म्हणतो की येशू नांगर आणि जू बनवायचा. शंभरेक वर्षांनंतरचं लेखन आहे, पण गावच्या सुताराचं काम म्हणून पटण्यासारखं.

रंधा
जू! मग एक सांगतो. जू करायला सोपं वाटतं, नाही. बैलाच्या मानेवर बसणारा भाग वाकसाने तासून हाताने चाचपत गुळगुळीत करावा लागतो. जरा कंगोरा राहिला तर चार दिवसांत खांदा सोलवटतो आणि शेतकरी जू खांद्यावर टाकून भांडायला येतो. "माझं जू सोयीचं आहे" असं काहीतरी त्याचं वाक्य आहे ना? ते ज्याने जू घडवलंय त्याचं वाक्य वाटतं.

संडेस्कूल_मावशी
आहे, मत्तय अकरावा अध्याय. आणि डोळ्यातलं कुसळ-मुसळ विसरलात का? ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी तुळई आहे, छपराची. कुसळ म्हणजे बारीक काडी. मात्र खरं सांगायचं तर त्याच्या दाखल्यांत पेरणी, मेंढरं, द्राक्षमळे हेच जास्त. लाकूड कमीच.

जुनी_नाणी
रंधाभाऊ, तुमच्यासाठी अजून एक. बायबलबाहेर 'थोमाचं बालपणीचं शुभवर्तमान' म्हणून जुना ग्रंथ आहे. चर्चने कधीच प्रमाण मानला नाही. त्यातला येशू भलता व्रात्य आहे. पाच वर्षांचा असताना शब्बाथाच्या (यहुद्यांच्या कामबंदीच्या) दिवशी मातीच्या बारा चिमण्या करतो, कुणी ओरडलं तर टाळ्या वाजवतो आणि चिमण्या उडून जातात. (मातीच्या पक्ष्याची गोष्ट कुराणातही आहे.) खांद्याला धक्का मारणारा एक मुलगा त्याच्या शब्दासरशी मरतो.

त्यातच योसेफाला एक श्रीमंत माणूस पलंग सांगतो. योसेफाची एक फळी आखूड निघते. पोरगा म्हणतो, दोन्ही एका टोकाला जुळवून धरा. मग दुसरं टोक धरून ओढतो आणि फळी लांब होते.

रंधा
नाणीभाऊ, ही गोष्ट कुणीतरी सुताराने रचली असणार, लिहून देतो.

मी सोळाचा असताना पलंगाचीच बाजूपट्टी कापली होती. सागवान. कुसवाची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकाची, लांबी धरायची विसरलो आणि खांद्यापाशीच करवत चालवली, दोन्हीकडे. चौकट जुळवायला घेतली तेव्हा कळलं. बाप बाहेर गेला होता. तो येईपर्यंत मी ती पट्टी उभी-आडवी करून चार वेळा मोजली. प्रत्येक वेळी तेवढीच भरली.

तो आला, बघितलं, बोलला काही नाही. पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या फळीवर स्वतः गुण्या लावून रेघ मारली. कापायला करवत मात्र माझ्याच हातात दिली.

त्या पट्टीचा पाट केला पुढे. अजून घरात आहे.

संडेस्कूल_मावशी
रंधाभाऊ, रविवारी मुलांना ही पट्टीची गोष्ट सांगू का? नाव नाही घेणार.

रंधा
सांगा की. फक्त पट्टी दोन्हीकडून कापली होती हे सांगू नका.